साताऱ्यात हायपरकार सांभाळताना

आपण साताऱ्यात राहून हायपरकार, म्हणजे अतिवेगवान आणि अतिमहागडी गाडी, घेण्याचा विचार करीत आहात, म्हणून खरेदीच्या किमतीपेक्षा सांभाळण्याच्या खर्चाविषयी आधी लिहितो. उदाहरणार्थ, बुगाटी वेरॉन या हायपरकारमध्ये ८ लिटरचे १६ सिलिंडरचे इंजिन, चार टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारे पंप) आणि दहा रेडिएटर आहेत. एवढी यंत्रणा दाटीवाटीने बसवलेली असल्याने एखादा साधा पाइप गळू लागला, तरी तिथवर हात पोहोचण्यासाठीच बराच भाग उतरवावा लागतो आणि बिलात मजुरीच जड होते. या गाडीच्या नुसत्या ऑइल बदलीचा खर्च अमेरिकेत २०,००० डॉलरच्या आसपास सांगितला जातो.

अशा गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्क (चाकामागच्या ब्रेकच्या चकत्या) दीर्घकाळ टिकतात, परंतु चाक काढताना कडेला ठोका बसून टवका उडाला, तर बहुधा पूर्ण डिस्कच बदलावी लागते. म्हणून पंक्चर झाले तरी महामार्गावरील दुकानात चाक उघडू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खंबाटकी घाटात ट्रकांच्या रांगेमागे इंचाइंचाने सरकल्यास ड्युअल क्लच (गिअर झटपट बदलण्यासाठीची दोन क्लचची जोडी) तापून झिजतो. पुढे पुरेसे अंतर पडू द्यावे आणि मगच गाडी हलवावी.

गाडी उभी राहूनही बिघडते. बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. पावसाळ्यात बॅटरीला मेंटेनन्स चार्जर (बॅटरी उतरू न देणारा चार्जर) जोडून ठेवा, आणि विमा घेताना फ्लॅटबेडवरून (सपाट पाठीच्या ट्रकवरून) अधिकृत वर्कशॉपपर्यंत गाडी नेण्याची तरतूद त्यात आहे का, हे लेखी तपासा.