तिलाही माझ्याबद्दल काही वाटत असेल ना?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, ती माझ्याशी नाटक करत नाही. इतक्या वर्षांत माणूस कळतो हो."

टोकियोतल्या निशी-कासाईत राहणारा, पन्नाशीला टेकलेला, घटस्फोटित इंजिनिअर समुपदेशनाच्या ऑनलाइन सत्रात माझ्याशी बोलत होता. योशिवारा या टोकियोतल्या जुन्या वेश्यावस्तीतल्या एका सोपलँडचं तो जुनं गिऱ्हाईक. तिथे काम करणाऱ्या एका बाईला त्याला लग्नाची मागणी घालायची होती.

सोपलँड कागदोपत्री खासगी खोल्यांचं स्नानगृह असतं. पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवण्यावर जपानात १९५६च्या कायद्याने बंदी आहे, पण निव्वळ त्या कृत्यासाठी गिऱ्हाइकाला किंवा बाईला शिक्षा नाही. म्हणून अंघोळीचे पैसे दुकानाला आणि बाईचे पैसे आत तिच्या हातात, अशी रीत पडली. "काउंटरवर व्यवहार संपतो, पुढचं आमचं दोघांचं," असं तो म्हणाला. तिचंही आपल्यावर प्रेम आहे, या समजाची पाळंमुळं मला तिथेच दिसली.

पुरावा म्हणून त्याने तिचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. मागे हाताने लिहिलं होतं, 'पाठदुखी कशी आहे? जपा.'

तिची माया खोटी, असं मी म्हटलं नाही. मर्यादेने वागणारा ओळखीचा माणूस आला की तिला हायसं वाटतही असेल. पण तिचंच नाव सांगून परत येणाऱ्यांवर तिची दुकानातली पत ठरते. पाठदुखी लक्षात ठेवणं हा कामाचाच भाग. मी विचारलं, "आज तुम्ही नकोसे वाटताय, हे त्या खोलीत तिला म्हणता येईल का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिचं खरं नाव मला माहीत नाही." ती या कामात कशी आली, हेही नाही. कुणी स्वतःहून येतं, तर कुणी होस्ट क्लबच्या, म्हणजे पुरुष जिथे बायकांची करमणूक करतात अशा बारच्या, उधारीपायी. ती उधारी फेडायला बायकांना या धंद्यात ढकलण्याविरुद्ध २०२५मध्ये कायदा कडक करावा लागला.

'ती तशी नाही' म्हणून त्याने कधी लैंगिक आजारांची तपासणीही केली नव्हती. मला याचीच जास्त काळजी वाटली. जपानात २०२२पासून दरवर्षी सिफिलिसचे दहा हजारांवर रुग्ण नोंदले जाताहेत, आणि सुरुवातीची जखम बहुधा दुखत नाही. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत, म्हणजे होकेन्जोत, एचआयव्हीची तपासणी नाव न सांगता फुकट होते. बऱ्याच ठिकाणी सिफिलिसचीही. तो जाऊन आला.

तुम्हीही असे कुणात गुंतला असाल, तर दुकानाबाहेर वाट बघणं, घर शोधणं, बाहेर भेटायचा हट्ट धरणं कटाक्षाने टाळा. तिच्यासाठी ती भीतीच असते.

मागणीचा विषय त्याने सोडलाय. जाणं सोडायचं का, हे अजून ठरलेलं नाही. सध्या आम्ही घटस्फोटाबद्दल बोलतोय. बायकोची चौकशी होईल म्हणून त्याने तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला जाणं केव्हाच थांबवलं होतं; ते सगळं आजवर त्याने फक्त सोपलँडमधल्या तिलाच सांगितलं होतं.