डिझाइन विद्यापीठातील इंटरॲक्टिव्ह डिजिटल कलेच्या प्रकल्पांत गमतीपलीकडे काय असते, आणि चांगला प्रकल्प कसा ओळखावा?

मुलीच्या डिझाइन विद्यापीठातील वार्षिक प्रदर्शनात, समोर उभे राहून हात हलवला की भिंतीवरचे रंग हलतात, अशा प्रकारचे काही प्रकल्प आपण पाहिलेत. ते गमतीचे वाटले, परंतु त्यात सत्रभर शिकण्यासारखे काय असावे हे कळले नाही. मुलगी आता हीच शाखा निवडू पाहते आहे, म्हणून चांगला प्रकल्प कसा ओळखावा, आणि या अभ्यासासाठी महागडा लॅपटॉप घ्यावाच लागतो का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातील एका डिझाइन संस्थेत अतिथी शिक्षक म्हणून याच विषयाचा स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा वर्ग, घेतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपली शंका रास्त आहे. अशा प्रकल्पांपैकी बरेचसे अर्ध्या मिनिटात संपतात, म्हणजे हात हलवला, रंग हलला, पुढे काही नाही. पण हा त्या माध्यमाचा दोष नाही. चित्रकार आपले चित्र पूर्ण करून भिंतीवर लावतो आणि बाजूला होतो. इथे विद्यार्थ्याने घडवायची वस्तू म्हणजे चित्र नसून एक नियम असतो. प्रेक्षकाने काय केले असता कलाकृतीने काय करावे, किती वेळात करावे, आणि तीच कृती पुन्हा केली तर तसेच करावे की वेगळे, हे सगळे त्या नियमात येते. चित्र दर वेळी प्रेक्षक उभे करतो. त्यामुळे परीक्षण करताना आम्ही पडद्याकडे कमी आणि पडद्यासमोरच्या अनोळखी माणसाकडे जास्त पाहतो. तो काय करून बघतो, कुठे थांबतो, कधी कंटाळतो आणि दुसऱ्याला हाताला धरून आणतो का, यावरून प्रकल्पाची पारख होते.

या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ मध्ये संगणकावर कलाकृती करणारा मायरन क्रूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लोफ्लो’ नावाची रचना उभी केली होती. एका अंधाऱ्या खोलीत भिंतींलगतच्या पारदर्शक नळ्यांमधून चमकणारे रंगीत द्रव वाहत, जमिनीत वजन ओळखणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असत, आणि त्यांवर पाय पडला की एक मिनिकॉम्प्युटर, म्हणजे त्या काळचा लहान संगणक, नळ्यांतील उजेड आणि मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा ध्वनी बदलत असे. मात्र खोलीतील शांत, चिंतनाचे वातावरण मोडू नये आणि लोकांनी धावपळ करून प्रतिसाद उकळू नयेत, म्हणून पाऊल पडणे आणि उजेड बदलणे यांच्यामध्ये मुद्दाम विलंब ठेवला होता. परिणामी आपल्या पावलामुळे काही घडते आहे हे बहुतेकांना कळलेच नाही. क्रूगरने यातून जो निष्कर्ष काढला त्यावर त्याचे पुढचे सगळे काम उभे राहिले. प्रतिसाद हेच जर माध्यम असेल, तर तो प्रेक्षकाला जाणवलाच पाहिजे. १९७०च्या दशकात आकाराला आलेल्या त्याच्या ‘व्हिडिओप्लेस’मध्ये प्रेक्षकाची सावलीसारखी आकृती पडद्यावर दिसे आणि ‘क्रिटर’ नावाचा एक चिमुकला प्राणी तिच्या अंगावर चढून डोक्यावर जाऊन नाचत असे. तिथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नव्हते.

प्रतिसाद जाणवणे ही पहिली पायरी झाली. त्यानंतर प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरते का, हा खरा कठीण प्रश्न आहे. कमील अटरबॅक आणि रोमी अकितुव्ह यांची ‘टेक्स्ट रेन’ ही १९९९ची कलाकृती मी दर वर्षी विद्यार्थ्यांना दाखवतो. पडद्यावर आपले प्रतिबिंब दिसते आणि वरून अक्षरे पावसासारखी पडतात. पार्श्वभूमीपेक्षा गडद असे जे काही मध्ये येईल, त्यावर ती टेकतात. नियम एवढाच आहे. लोक मात्र हातावर अक्षरे झेलतात, छत्री उघडतात, दोघे मिळून कापड ताणून धरतात, आणि पुरेशी अक्षरे साठली की कवितेचा एखादा शब्द वाचता येतो. कवितेची ओळ वाचण्यासाठी शरीर लावावे लागते, हे त्या कलाकृतीचे म्हणणे आहे आणि ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. त्याच वर्षी डॅनियल रोझिनने ८३० लाकडी चौकोन आणि तितक्याच मोटरी वापरून ‘वुडन मिरर’ केला. समोर उभे राहिले की चौकोन कलतात, त्यांवरचा उजेड कमी-अधिक होतो आणि आपली आकृती लाकडात उमटते. त्यातला संगणक प्रेक्षकाला दिसत नाही, ऐकू येतो तो शेकडो लाकडी तुकडे एकदम हलल्याचा आवाज. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण मुख्यतः एका कारणासाठी देतो. डिजिटल कला म्हणजे प्रोजेक्टर आणि अंधारी खोली, हा समज प्रवेशाच्या वेळी जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात असतो आणि तो लवकर गेलेला बरा.

नियम कागदावर सुचतो, पण त्याची परीक्षा माणसांतच होते. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने जमिनीवर प्रोजेक्टरने रांगोळी पाडली होती. कोणी तिच्यावरून चालले की रांगोळी विसकटावी आणि ती व्यक्ती पुढे गेल्यावर हळूहळू पुन्हा भरावी, अशी कल्पना होती. तांत्रिकदृष्ट्या काम अगदी चोख होते. प्रत्यक्षात माणसे दारापाशी थबकत, खाली पाहत आणि भिंतीला धरून कडेने निघून जात. रांगोळीवर पाय देऊ नये हे ज्यांच्या अंगवळणी पडलेले आहे, त्यांना ती उजेडाची आहे म्हणून काही फरक पडत नव्हता. वर्गातील काहींनी ‘कृपया चालून पाहा’ अशी पाटी लावण्याचा सल्ला दिला, तो तिने मानला नाही, आणि मला वाटते तिथेच तिच्या कामाला दिशा मिळाली. तिने लोकांचे हे कडेने जाणेच विषय म्हणून घेतले. नव्या नियमाप्रमाणे, माणसे ज्या बाजूने वाट काढतात त्या बाजूला रांगोळी वाढत जाई, वाट अरुंद होई आणि शेवटी पलीकडे जायला जागाच उरत नसे. मग कोणी परत फिरे, कोणी चपला काढून पाय टाके, लहान मुले सर्वांत आधी मध्यभागी जाऊन उभी राहत. सेन्सर तोच, प्रोजेक्टरही तोच, प्रोग्रॅममधील बदल फार मोठा नव्हता. बदलले ते प्रेक्षकाविषयीचे तिचे आकलन, आणि आपण विचारलेला सत्रभराचा अभ्यास तो हाच.

अर्थात याच्या जोडीला भरपूर रोखठोक तांत्रिक काम असते, आणि ते प्रदर्शनात दिसत नाही म्हणून त्याबद्दल लिहायला हवे. सेन्सर जग पाहत नाही, तो फक्त एक आकडा देतो. आर्डुइनो उनोसारख्या, सेन्सर आणि मोटरी जोडण्याच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर उजेडाचा किंवा दाबाचा सेन्सर जोडला तर ० ते १०२३ यांमधील एक संख्या मिळते, आणि ती स्थिर कधीच नसते. ५०० च्या वर दिवा लागावा असे लिहिले आणि संख्या ४९८ आणि ५०३ यांच्यामध्ये खेळत राहिली, तर दिवा फडफडतो. म्हणून लागण्याची मर्यादा आणि विझण्याची मर्यादा वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर कठीण पृष्ठभागावर छान चालतो, परंतु शाल किंवा जाड सुती कपडा त्याचा ध्वनी शोषून घेतो आणि समोरचा माणूस त्याच्या दृष्टीने नाहीसा होतो. मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट हा अंतर मोजणारा कॅमेरा २०१० मध्ये बाजारात आला तेव्हा माणसाच्या शरीराची त्रिमितीय आकृती स्वस्तात मिळू लागली आणि जगभरच्या डिझाइन शाळांचे या विषयातील काम पालटले. पण पहिला कायनेक्ट इन्फ्रारेड ठिपक्यांवर अवलंबून होता, त्यामुळे उन्हात तो आंधळा होई. रात्री स्टुडिओत उत्तम चाललेले काम सकाळी खिडकीच्या उजेडात कोलमडते, याचे एक कारण हेच असते. दुसरे कारण वीज. आपल्याकडील पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेरा ६० हर्ट्झच्या सेटिंगवर राहिला तर चित्रात पट्टे सरकू लागतात आणि प्रोग्रॅमला वाटते की कोणीतरी हलले. हे कळेपर्यंत विद्यार्थी स्वतःचा कोड तपासत बसलेले असतात.

प्रतिसादाचा वेगही असाच महत्त्वाचा. साधारणपणे एक दशांश सेकंदाच्या आत उत्तर आले तर माणसाला ते आपणच घडवले असे वाटते. त्यापेक्षा उशीर वाढत गेला की तो यंत्राची वाट पाहू लागतो. विलंब कलेचा भाग म्हणून वापरता येतो, मात्र तो वापरला आहे की राहून गेला आहे, हे पाहणाऱ्याला लगेच समजते.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर काय, ही धास्ती आपल्या मुलीला असेल तर तिला या शाखेचा थोडा इतिहास सांगावा. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ ही प्रणाली सुरू केली, ती दृश्यकलेच्या माणसांना प्रोग्रॅमिंग चित्रांतून शिकता यावे यासाठी. त्याच सुमारास इटलीतील इव्रेया या गावी इंटरॲक्शन डिझाइनची, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातील देवाणघेवाण घडवण्याच्या विद्येची, एक छोटी संस्था होती. तिथे एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंध म्हणून ‘वायरिंग’ हा बोर्ड आणि त्याची सोपी भाषा तयार केली. हेतू हाच की डिझाइनरला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नसताना मोटर फिरवता यावी. तिथलेच शिक्षक मास्सिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेला आर्डुइनो या कामावर आधारलेला आहे. आज अभियांत्रिकीची मुलेही जो बोर्ड पहिल्यांदा हाताळतात त्याच्या मुळाशी एका डिझाइन विद्यार्थ्याचा प्रबंध आहे, आणि त्या प्रबंधाचे श्रेय बराच काळ नीट दिले गेले नाही, हेही नमूद करायला हवे. पुढे २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलेल्या ‘पी-फाइव्ह-जेएस’ या ‘प्रोसेसिंग’च्या वेब-रूपामुळे हे सगळे ब्राउझरमध्ये आले. प्रोग्रॅमिंग शिकावेच लागते, पण ते चित्र काढता काढता शिकता येते.

आपल्याकडे या विषयासाठी मुंबईतील पवईच्या आयआयटीचा डिझाइन विभाग आयडीसी आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे (एनआयडी) बंगळुरू केंद्र येथे इंटरॲक्शन डिझाइनचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. आयडीसीचा प्रवेश ‘सीड’ या डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून होतो, एनआयडीची परीक्षा वेगळी असते. एक गमतीचा योगायोग असा की आयडीसीची स्थापना १९६९ची, आणि अहमदाबादच्या एनआयडीत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला तोही त्याच वर्षी, म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये ‘ग्लोफ्लो’ चालू होते तेव्हाच. अहमदाबादचा तो स्टुडिओ काही वर्षांतच थंडावला. तो चालू राहिला असता तर आपल्या डिझाइन शिक्षणात ध्वनीला आजच्यापेक्षा वरची जागा मिळाली असती, असे मला नेहमी वाटते.

पुढच्या वेळी प्रदर्शनाला जाल तेव्हा प्रकल्पासमोर लगेच उभे राहू नका. बाजूला थांबून आधी इतरांना पाहा. विद्यार्थ्याला सतत ‘इथे उभे राहा, हात वर करा’ असे सांगावे लागत असेल तर नियम अजून कच्चा आहे. माणसे दुसऱ्यांदा काहीतरी वेगळे करून पाहत असतील तर काम जमले आहे. मग विद्यार्थ्याला विचारा, की लोकांनी तुला अपेक्षित नव्हते असे काय केले आणि त्यानंतर तू काय बदललेस. ज्याने काम खरोखर तपासले आहे त्याच्याकडे याचे उत्तर तयार असते. ज्युरीत, म्हणजे परीक्षक मंडळात, आम्हीही जवळजवळ हेच विचारतो. नोकरीसाठी पोर्टफोलिओ पाहणारेही बहुधा तेच शोधतात, मग ते काम संग्रहालयाचे असो, प्रदर्शनांचे असो वा एखाद्या ॲपचे. म्हणून मुलीला पहिल्या प्रकल्पापासून अनोळखी लोक तिचे काम वापरत असतानाचे चित्रीकरण, त्यांची परवानगी घेऊन, जपून ठेवायला सांगा. नुसत्या पडद्याचे सुंदर व्हिडिओ फार उपयोगी पडत नाहीत.

लॅपटॉपचे म्हणाल तर आत्ता घाई करू नका. ‘पी-फाइव्ह-जेएस’ आणि वेबकॅम यांवर होणारे काम साध्या लॅपटॉपवर चालते, आणि आर्डुइनोशी मिळतेजुळते बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. हलती दृश्ये घडवणारे टचडिझाइनरसारखे सॉफ्टवेअर मात्र चांगले ग्राफिक्स कार्ड मागते. त्याची विनाव्यावसायिक आवृत्ती मोफत आहे, १२८० गुणिले १२८० पिक्सेलची मर्यादा असली तरी शिकण्यासाठी ती पुरते, आणि तशी यंत्रे बहुतेक विद्यापीठांच्या प्रयोगशाळेत असतात. शाखेत प्रवेश घेण्यापूर्वी ती प्रयोगशाळा रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते आणि तिथे पूर्णवेळ तंत्रज्ञ आहे का, एवढे कार्यालयात विचारून घ्या. मुलीचे काम प्रोजेक्टर आणि त्रिमितीकडे वळते की मोटरी आणि लाकडाकडे, हे एका सत्रात कळेल. लॅपटॉप त्यानंतर ठरवावा.