भाड्याच्या घरासाठी दिलेल्या आधार-पॅनच्या झेरॉक्सचा गैरवापर कसा रोखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागात खोली बघताना तीन एजंटांना आधार आणि पॅनच्या झेरॉक्स दिल्या, त्यातल्या दोघांना व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवले. खोली मिळाली चौथ्याच ठिकाणी. आता ‘तुमचं कर्ज मंजूर झालं आहे’ असे मेसेज येतायत. नंबर बदलून मिळतील का, आणि नसतील मिळत तर काय करायचं?

बदलून मिळत नाहीत. आधारचा १२ अंकी क्रमांक कायमचा असतो आणि दुसरं पॅन बाळगलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मेसेजचं म्हणाल तर ते सरसकट लाखो लोकांना जातात, त्यावरून तुमचे कागद कुणी वापरलेत असं सिद्ध होत नाही. त्यातली लिंक उघडू नका, एवढंच. एजंटांना फोटो डिलीट करायला सांगा, पण त्यावर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी समोरच्याच्या गॅलरीत किंवा संगणकावर उतरलेली प्रत तशीच राहू शकते.

मुळात हे नंबर गुपित ठेवता येतील अशी आशाच सोडलेली बरी. व्यापाऱ्याचं पॅन तर उघड्यावरच असतं. दुकानाच्या पाटीवरचा जीएसटी क्रमांक बघा: १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची (महाराष्ट्राची २७), पुढची दहा म्हणजे मालकाचं किंवा फर्मचं पॅन. जमीन-फ्लॅटच्या दस्तांच्या कित्येक जुन्या सूची-२ उताऱ्यांत पक्षकारांच्या नावापुढे पॅन छापलेलं सापडतं. शेतकऱ्याचं आधार पीकविमा, अनुदान, सोसायटी, बाजार समिती असं चार ठिकाणच्या फायलींत पडलेलं असतं. नुसत्या नंबरावर चोराचं काम सहसा भागत नाही. त्याला सोबत ओटीपी तरी लागतो, अंगठा तरी, नाहीतर कागद नीट न तपासणारा सावकार तरी. आपल्या हातात आहे ते ही दुसरी गोष्ट त्याला मिळू न देणं.

सुरुवात मोबाइल नंबरापासून करा. आधारला जोडलेला नंबर आज तुमच्या खिशात आहे का? कॉलेजात असताना घेतलेलं प्रीपेड सिम बंद पडलं, नवं घेतलं आणि आधारवर जुनाच नंबर राहिला, हे फार सर्रास दिसतं. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला देते. मग तुमच्या आधारचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ‘व्हेरिफाय ईमेल/मोबाइल’ असा पर्याय आहे, तिथे आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकला की जुळतो की नाही ते कळतं. जुळत नसेल तर पोस्टातल्या किंवा बँकेतल्या आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या, ७५ रुपये लागतात. पुढची जवळजवळ सगळी कामं ओटीपीवरच होतात, म्हणून हे आधी.

त्यानंतर बायोमेट्रिक लॉक. हे नाशिक शहरापेक्षा निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या तुमच्या आई-वडिलांसाठी जास्त गरजेचं आहे. आधारवरून पैसे काढायची जी सोय आहे (एईपीएस, गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे मिळतात ती), तिच्यात बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. ओटीपी नाही, पिन नाही. देशात अनेक ठिकाणी नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे उचलून त्यांचे सिलिकॉनचे ठसे बनवून अशी खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेलेत. एका वेळी १०,००० पर्यंत रक्कम जाते, आणि पासबुक भरेपर्यंत पत्ता लागत नाही.

उपाय फुकट आहे. यूआयडीएआयच्याच मायआधार पोर्टलवर किंवा एमआधार ॲपमध्ये ओटीपीने लॉगिन करा आणि ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’मध्ये जाऊन लॉक करा. बोटं, डोळे, चेहरा तिन्ही बंद होतात. ओटीपीची कामं चालू राहतात. अडचण कुठे येते? रेशन दुकानातल्या मशीनवर, नवं सिम घेताना, हयातीच्या दाखल्याला, आणि भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीला अंगठा देताना. मशीन ३३० क्रमांकाची एरर दाखवतं आणि दुकानदार ‘तुमचं आधार बंद पडलंय’ म्हणून मोकळा होतो. बंद वगैरे काही नसतं. ॲपमधून तात्पुरतं अनलॉक केलं की १० मिनिटं उघडं राहतं आणि आपोआप पुन्हा लॉक होतं. महिन्याला रेशन आणणाऱ्या आजीला हे जमणार नसेल तर तिच्या बँकेत अर्ज देऊन त्या खात्यावरची एईपीएस सेवाच बंद करून मागा. बऱ्याच बँका ते करतात.

याच पोर्टलवर अख्खा आधार क्रमांक लॉक करायची वेगळी सोयही आहे. ती घेतली की ओळख पटवायला १२ अंकी क्रमांक चालत नाही, फक्त १६ अंकी व्हर्च्युअल आयडी चालतो. म्हणून आधी तो आयडी तयार करावा लागतो: आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत जीव्हीआयडी, एक जागा सोडून आधारचे शेवटचे चार अंक, असा एसएमएस १९४७ वर पाठवायचा. विसरलात तर जीव्हीआयडीच्या जागी आरव्हीआयडी लिहून पाठवलं की परत मिळतो. माझं मत विचाराल तर बायोमेट्रिक लॉक सगळ्यांनी करावं. क्रमांकाचं लॉक मात्र ज्याला हे एसएमएस वगैरे सांभाळता येतील त्यानेच करावं, नाहीतर ऐन बँकेच्या काउंटरवर खोळंबा होतो.

लॉगिन केलंच आहे तर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ बघून घ्या. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे, कोणत्या वेळी, ओटीपीने की बोटाने तपासलं गेलं याची यादी मिळते. तुमची बँक, सिम कंपनी, गॅस एजन्सी हे दिसणारच. कधी नाव न ऐकलेली बँक किंवा फायनान्स कंपनी दिसली, तेही बायोमेट्रिकने, तर त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही बघा. मर्यादा नऊची आहे. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर ‘माझा नाही’ वर टिक करून कळवा. झेरॉक्सवर काढलेलं असं सिम पुढे दुसऱ्याच्या फसवणुकीत वापरलं जातं आणि पोलिसांचा पहिला फोन तुम्हाला येतो.

कर्जाची शंका तुम्हाला आहेच, तर ती दूर करायची जागा म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांचा अहवाल. देशात चार कंपन्या हे रिपोर्ट ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तर वर्षभर नजर राहते. त्यांच्या संकेतस्थळावर पैसे भरायची योजना समोर नाचत असते आणि फुकटचा पर्याय कोपऱ्यात असतो, तो शोधा. कार्डाचा नंबर मागितला तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

रिपोर्टमध्ये स्कोअरपेक्षा दोन भाग बघायचे. एक, खात्यांची यादी. दुसरा, ‘एन्क्वायरी’, म्हणजे कुणी कधी आणि किती रकमेसाठी तुमचा रिपोर्ट मागवला. चोराने अर्ज केला आणि कर्ज नाकारलं गेलं तर खात्यांत काही दिसणार नाही, पण एन्क्वायरी दिसेल. दोन-पाच हजारांची छोटी कर्जं मुद्दाम तपासा, कारण मोबाइल ॲपवरची कर्जं याच रकमांनी सुरू होतात. आणि लक्षात ठेवा, रिपोर्टमध्ये ॲपचं नाव नसतं, त्यामागच्या फायनान्स कंपनीचं असतं. अनोळखी नाव दिसलं म्हणजे खोटंच असं नाही. हप्त्यावर घेतलेल्या फ्रीजचं कर्जही अशाच नावाने दिसतं. बँका ही माहिती ठराविक दिवसांनी कळवतात, त्यामुळे आज स्वच्छ दिसलेला रिपोर्ट महिन्याभराने पुन्हा बघा. शिवाय चारही ठिकाणी तुमचा चालू मोबाइल आणि ईमेल नोंदवलेला असेल तर कुणीही रिपोर्ट मागवला की सूचना येणं बंधनकारक आहे. हीच सूचना सगळ्यात लवकर कळवते.

पॅनसाठी दोन ठिकाणं पुरेशी. आयकर पोर्टलवरचं एआयएस (तुमच्या पॅनवर कळवलेल्या व्यवहारांची वार्षिक यादी) उघडून त्यात न केलेले व्यवहार आहेत का बघा. उदाहरणार्थ, तुम्ही कधीच घर भाड्याने दिलं नाही आणि कुणी घरभाडे सवलतीसाठी घरमालक म्हणून तुमचं पॅन लिहिलंय. अशा नोंदीवर तिथल्या तिथे ‘ही माहिती माझी नाही’ असा अभिप्राय देता येतो. दुसरं, जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताच ‘सर्च बाय पॅन’ करा. दुसऱ्याच्या पॅनवर कागदोपत्री फर्म काढून खोटी बिलं फाडणं हा जुना धंदा आहे, आणि त्याची नोटीस दोन-तीन वर्षांनी पॅनवाल्याच्या घरी येते.

आता यापुढच्या झेरॉक्सबद्दल. भारतीय पासपोर्टची पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. त्या कागदात नक्कल होऊ नये म्हणून काय काय घातलेलं असतं, आणि आपण तो झेरॉक्सच्या काचेवर ठेवला की त्यातलं काही उरत नाही. प्रत कशाचीही असो, ती कोरी देऊ नका. ‘फक्त भाडेकरारासाठी, अमुक यांना दिली, नाशिक, तारीख’ असं पेनाने तिरकं लिहा आणि सही करा. चूक होते ती जागेत. खालच्या रिकाम्या समासात लिहिलं तर स्कॅन करताना ते सहज कापलं जातं. ओळ फोटोच्या कडेवरून आणि पत्त्याच्या मजकुरावरून जाऊ द्या, अक्षरं वाचता येतील इतपत. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच वेळ आली तर अशी लिहिलेली प्रतच फोटो काढून पाठवा.

आधारची शक्यतो मास्क्ड प्रत द्या, जिच्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. मायआधारवर डाउनलोड करतानाच तो पर्याय येतो. लॉजवाला, घरमालक, एजंट यांना यापेक्षा जास्त लागत नाही. पुढच्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकला येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, तेव्हा त्या पासवर्डला कुलूप समजू नका. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्ट-कलेक्टर ऑफिसच्या आसपास प्रिंट काढता तेव्हा फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर जाते आणि डाउनलोड फोल्डरमध्ये शेकडो जणांच्या कागदांत पडून राहते. प्रिंट निघाली की दुकानदारासमोर ती डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत, कुणी सांगत नाही म्हणून राहून जातं.

तपासणीत खरंच काही सापडलं तर क्रम असा. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार. तुमची चूक नसताना तिसऱ्याने केलेल्या व्यवहारात, सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. सात कामकाजाच्या दिवसांनंतर ते बँकेच्या धोरणावर जातं. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाणं. शहरासाठी आयुक्तालयाचं सायबर ठाणं वेगळं, नाशिक ग्रामीणचं वेगळं, पण ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे कारण नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, चालत नाही. ओळखचोरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी आहे, अर्जात ते लिहा आणि पोच घ्या.

खोटं कर्ज निघालं तर फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीला एकाच दिवशी लिहा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देय होते आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पत्रात नुसतं ‘मी कर्ज घेतलं नाही’ लिहून थांबू नका. चार गोष्टी मागा: अर्जासोबतचे केवायसी कागद आणि सेल्फी, ज्या मोबाइल नंबरावर ओटीपी गेला तो नंबर, करारावरच्या ई-सहीची नोंद, आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा क्रमांक. चौथी सगळ्यात महत्त्वाची, कारण ते खातं तुमचं नसेल तर कंपनीकडे बोलायला फारसं काही उरत नाही. तोवर वसुलीवाले ‘एक हप्ता भरा, मग नाव काढतो’ म्हणतील. तो हप्ता भरू नका, भरला की कर्ज मान्य केल्यासारखंच धरलं जातं.