आधी अंदाज लिहा, मग पुढचं पान उलटा

प्रश्न : वाचा व श्रवण (बोलण्या-ऐकण्याच्या दोषांच्या) अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते. मास्किंगचे (एक कान तपासताना दुसऱ्या कानात गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवण्याचे) नियम विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहेत. पण खरी केस समोर आली की केस हिस्टरीत जे निदान सुचवलेलं असतं, तेच पुन्हा लिहून देतात. चिकित्सक विचार शिकवायचा तरी कसा?

उत्तर : त्यासाठी वेगळा तास लावू नका, केस देण्याची पद्धत बदला. सगळी फाइल एकदम हातात पडली की विद्यार्थी आधी निदान ठरवतो आणि मग आकडे त्यात बसवत जातो. म्हणून केस तीन टप्प्यांत द्या. प्रत्येक टप्प्यानंतर पाच मिनिटांत तीन गोष्टी लिहून घ्या : आत्ता काय वाटतं, दुसरं काय असू शकतं, आणि कोणती एक चाचणी कशी आली तर मी मत बदलेन. कागद गोळा केल्याशिवाय पुढचं पान देऊ नका. नाहीतर उत्तर कळल्यावर सगळ्यांना आधीपासून 'तेच वाटत' असतं.

एक केस घ्या. पहिल्या पानावर हेडफोन लावून काढलेला, मास्किंग न केलेला ऑडिओग्राम (किती डेसिबलपासून ऐकू येऊ लागतं त्याचा आलेख) : उजवा कान सगळीकडे 10 डेसिबल, डावा 60, डाव्या बाजूचं बोन कंडक्शन (हाडातून दिलेल्या आवाजाचं ऐकणं) 10. बरेच जण 'डाव्या कानात कंडक्टिव्ह लॉस' (आतल्या कानापर्यंत आवाज पोचण्यातला अडथळा) लिहून मोकळे होतील. दुसऱ्या पानावर टिम्पॅनोग्राम (कानाचा पडदा किती हलतो त्याचा आलेख), दोन्ही कानांना टाइप ए, म्हणजे नेहमीसारखा. आता काही जण घाईने मत सोडून देतात, आणि तीही चूकच, कारण ओटोस्क्लेरोसिसमध्येही (मध्यकर्णातलं हाड घट्ट बसण्याच्या आजारातही) टाइप ए येऊ शकतो. इथे थांबा, घाई करू नका. वर्गाला विचारा : डाव्या मध्यकर्णात अडथळा आहे किंवा नाही, या दोन शक्यतांमधला फरक कोणती चाचणी दाखवेल? प्रोब (मोजणीचं टोक) डाव्या कानात ठेवून आवाज उजव्या कानात दिला आणि अकूस्टिक रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाने मध्यकर्णातला स्नायू आपोआप आवळणं) आला, तर डाव्या मध्यकर्णात मोठा अडथळा असणं अवघड. तिसऱ्या पानावर हा रिफ्लेक्स मिळालेला दिसतो, आणि मास्किंगनंतर डावा कान यंत्राच्या कमाल पातळीलाही प्रतिसाद देत नाही. म्हणजे आधीचे 60 उजव्या कानाने ऐकलेले होते. साध्या हेडफोनचा आवाज साधारण 40 डेसिबलचा फरक पडला की कवटीतून पलीकडे पोचू शकतो. बोन व्हायब्रेटरचा (हाडावर ठेवून आवाज देणाऱ्या यंत्राचा) तर जवळपास तेवढाच्या तेवढा पोचतो. नियम पाठ असूनही तो इथे लावायचा हे सुचलं नाही, एवढंच घडलेलं असतं.

'सर्व तपासण्या कराव्यात' हे उत्तर मात्र मान्य करू नका. एकच चाचणी निवडायला लावा. आणि 10 पैकी 3 गुणच अंतिम निदानाला ठेवा. बाकीचे तिसऱ्या गोष्टीला, नाहीतर कोणी ती मनापासून लिहिणार नाही.

प्रश्न : इंटर्नशिपमध्ये एका मुलाच्या 'र' वर आठ आठवडे थेरपी दिली, उच्चार सुधारला. सुपरवायझर विचारतात, थेरपीमुळेच कशावरून?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. मूल वाढतं तसे उच्चार आपोआपही सुधारतात. थेरपीआधी किमान तीन बैठकांत, न शिकवलेल्या 20 शब्दांवर, बरोबर-चूक न सांगता मोजणी हवी होती. शिवाय याच मुलाचा दुसरा एखादा चुकणारा आवाज, समजा 'क', सध्या हात न लावता मोजत राहायचा. 'र' सुधारला आणि 'क' जागीच राहिला, तर श्रेय थेरपीला देता येतं. दोन्ही सारखेच सुधारले तर देता येत नाही. तुलनेसाठी 'ल' नको. जवळच्या आवाजावर 'र' च्या सरावाचा परिणाम झिरपतो.

'र' ची आधीची मोजणी आता परत मिळणार नाही. पण 'क' अजून चुकत असेल तर त्याची तीन बैठकांत मोजणी घ्या आणि मगच त्यावर थेरपी सुरू करा. गुण देताना रेकॉर्डिंग कोणत्या आठवड्याचं आहे हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याला ऐकवा. शिकवणाऱ्याच्या कानाला सुधारणा जरा लवकरच ऐकू येते.