टोकियोत जुना तोकाइदो रस्ता आज सापडतो का, की त्याचाच राष्ट्रीय महामार्ग १५ झाला?

तोकाइदो म्हणजे एदो (टोकियोचं जुनं नाव) ते क्योटो हा जुना हमरस्ता. "त्याचाच महामार्ग झाला" हे अर्धं खरं आहे. आणि नेमकं हेच अर्धं खरं छातीठोकपणे सांगणारे एक गृहस्थ आमच्या ग्रुपमध्ये आहेत, म्हणून एवढं लिहायला बसले.

निहोन्बाशीपासून क्योबाशी, गिन्झा, शिम्बाशी करत शिनागावा स्टेशनपर्यंत दोन्ही रस्ते जवळपास एकावर एक आहेत. तिथे शोधण्यासारखं काही नाही. ताकानावाला डाव्या हाताला १७१० सालच्या शहरनाक्याची दगडी भिंत फुटपाथवर उभी आहे, तेवढी बघा आणि पुढे चला.

खरा तोकाइदो सुरू होतो तो यात्सुयामा पुलानंतर. महामार्ग उजव्या हाताने निघून जातो आणि जुना रस्ता डावीकडे केइक्यू लाइनचं फाटक ओलांडून किता-शिनागावाच्या बाजारपेठेत शिरतो. क्योटोकडे जाताना ५३ मुक्कामांपैकी पहिला मुक्काम तो हाच. आमचे गृहस्थ इथेच मोबाइल पुढे धरून सगळ्यांना महामार्गाने घेऊन निघाले. मी म्हटलं, रस्ता इकडे आहे. ते म्हणाले, "अहो, १९२३ चा भूकंप, १९४५ ची बॉम्बफेक, टोकियोत जुनं काय उरलंय? सगळं एकच."

त्या दिवशी माझे सासरे सोबत होते. नाना साताऱ्याला भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, जन्म मोजणीत गेला. जपानी अक्षर एक कळत नाही. ते काही न बोलता फाटक ओलांडून बाजारपेठेत शिरले, त्यामुळे मलाही जावं लागलं, आणि माझ्यामागे निम्मा ग्रुप आला. नाना दुकानांकडे बघतच नव्हते. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी थांबायचे, वाकून बघायचे, पुढे जायचे. थोड्या वेळाने म्हणाले, "सूनबाई, डाव्या हाताचे सगळे बोळ खाली उतरतायत बघ. एखादा असता तर सोडून दिलं असतं. इथं पाणी होतं. ह्या रस्त्याच्या पलीकडं सगळी भर घातलीय."

बरोबर होतं. तोकाइदो इथे समुद्राच्या काठाकाठाने जायचा. डावीकडे सरळ एदोची खाडी. मी त्यांना एका बोळातून खाली नेलं. तिथे आता होड्या बांधलेला कालव्याचा तुकडा आहे आणि जवळच कागाता देवळात एका देवमाशाची समाधी आहे. १७९८ साली तो ह्या किनाऱ्यावर सापडला, शोगुनलाही, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यालाही, नेऊन दाखवला होता. आज आजूबाजूला इमारतीच इमारती. नानांनी समाधीला हात जोडले आणि विचारलं, "मोजणीचा जुना नकाशा मिळतो का इथं?"

मिळतो, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे. 'कोंजाकु मॅप' ही सायतामा विद्यापीठातून निघालेली फुकट साइट उघडा. मेइजी काळापासूनचे (१८६८ ते १९१२) सर्वेक्षणाचे नकाशे आजच्या नकाशाशेजारी दिसतात, एकावर बोट ठेवलं की दुसऱ्यावर तीच जागा. शिनागावात जुना रस्ता आणि किनारा कसे अंगाला अंग लावून गेलेत ते लगेच कळेल. प्रत्यक्ष चालताना उतार बघा, देवळांची तोंडं कुठल्या रस्त्याकडे आहेत ते बघा आणि रुंदी बघा. इथली रुंदी साधारण एदो काळातलीच (१६०३ ते १८६८) आहे. आगीत घरं जातात, पण प्लॉटच्या हद्दी नव्याने आखल्या नाहीत तर वाट तिथेच राहते. आमच्या गृहस्थांना हे तेव्हाही सांगितलं होतं. त्यावर म्हणाले, "असेल, पण समांतरच आहेत ना दोन्ही?" समांतर म्हणजे तोच कसा काय? मग तोकाइदो नावाच्या रेल्वेलाही जुना रस्ता म्हणा!

असो. मेगुरो नदीवरचा पूल, आओमोनो-योकोचो, सामेझु, ताचिआइगावा असा हा रस्ता सुमारे चार किलोमीटर सलग मिळतो आणि सुझुगामोरीला महामार्गाला येऊन भिडतो. तिथे १६५१ पासूनची वधभूमी होती. गुन्हेगाराला बांधायचा खांब रोवण्याचे भोक पाडलेले दगड अजून आहेत. लहान मुलं सोबत असतील तर पटकन पुढे काढा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सुझुगामोरीनंतर मजा कमी होते. ओमोरीला मिहारा-दोरी नावाचा छोटा तुकडा आहे, बाकी बराच वेळ ट्रकच्या आवाजात महामार्गानेच चालायचं. तामा नदीवरचा रोकुगोचा पूल १६८८ च्या पुरात गेला तो मेइजी काळापर्यंत परत बांधलाच नाही, लोक होडीने नदी ओलांडायचे, त्यामुळे तिथे पायाखालच्या 'जुन्या रस्त्या'चा हट्ट धरू नका. पलीकडे कावासाकीत स्टेशनजवळ तो पुन्हा सापडतो, पण पाट्या वाचल्याशिवाय ओळखू येणार नाही. चिकाटी असेल तर त्सुरुमीपर्यंत जा. इचिबाला रस्त्याकडेचा एक इचिरिझुका, म्हणजे दर साधारण चार किलोमीटरवर घालत तो मातीचा उंचवटा, जोडीतला एक तरी शिल्लक आहे. उन्हाळ्यात मात्र हे काही करू नका.

पहिल्यांदाच जात असाल तर निहोन्बाशीचा मोह सोडा आणि थेट किता-शिनागावा स्टेशनला उतरा. सोबत कुणी "सगळं एकच" म्हणणारा असला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला खुशाल महामार्गाने पाठवा. सुझुगामोरीला भेटेलच.