मुंबई ते पुणे विमानाने किती अंतर, किती वेळ? आणि विमानाने जावं का?

आधी आकडे सांगतो. मुंबई आणि पुणे विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 124 किलोमीटर आहे. रस्त्याने साधारण 150 पडतं, तर सीएसएमटी ते पुणे रेल्वेने 192. तिकिटावर विमानाचा प्रवास साधारण तासाभराचा दिसतो. प्रत्यक्ष हवेत मात्र विमान 25 ते 30 मिनिटंच असतं.

ताशी 800 किलोमीटरने 124 किलोमीटर म्हणजे नऊ-दहा मिनिटं, हा हिशोब इथे लागू पडत नाही. दहा हजार फुटांखाली वेग साधारण 250 नॉट, म्हणजे ताशी 460 किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो. मुंबईहून बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेला, समुद्राकडे होतं, म्हणजे पुण्याच्या नेमकं उलट दिशेला. तिथून वळून विमान सह्याद्री ओलांडण्याइतकं वर चढतं आणि स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायची तयारी सुरू होते.

उरलेला अर्धा तास जमिनीवर जातो, कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि रांग लागते. पुण्याहून येताना हीच रांग हवेत लागते, म्हणजे घिरट्या. शिवाय पुण्याचं विमानतळ जिथे आहे तो लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे लष्करी उड्डाणं आधी.

आता दादर ते शिवाजीनगर असा दारापासून दारापर्यंतचा हिशोब करा. टी-2, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल 2, गाठायला पाऊण तास. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचायचं. प्रवास एक तास, सामान घेऊन बाहेर पडायला 25 मिनिटं, लोहगावहून शिवाजीनगर 40 मिनिटं. झाले चार तास वीस मिनिटं, तेही सगळं वेळेवर झालं तर. डेक्कन क्वीन सीएसएमटीहून सव्वातीन तासांत पुण्याला पोचवते आणि दादर, शिवाजीनगर दोन्हीकडे थांबते. त्यामुळे फक्त मुंबई-पुणे करायचं असेल तर विमान घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमान कामाचं आहे ते पुढचं किंवा मागचं उड्डाण जोडून असेल तेव्हाच, आणि तेही दोन्ही एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असतील तर. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. तिकिटं वेगवेगळी काढलीत तर चुकलेल्या विमानाचे पैसे तुमचेच गेले. परदेशातून येत असाल तर बॅगेवर पुण्याचा टॅग असला तरी साधारणपणे ती मुंबईतच पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून काढावी लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. पुढचं विमान टी-1 वरून असेल तर सांताक्रूझच्या बाजूला रस्त्याने जावं लागतं. दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मी टी-2 वरून थेट पुण्याची टॅक्सी सुचवेन. साडेतीन-चार तास धरा. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याकडे आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येताना बोरघाटात वाहनं तुंबतात. त्या वेळी वर तास-दीड तास जास्तीचा ठेवा.