‘दगडं शिकून पोट भरतं का?’

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार मात्र मुलीला पुढे करून म्हणाले, “मॅडम, हिला जरा समजवा. सायन्सला चांगले मार्क पाडलेत आणि म्हणते दगडं शिकायची. त्याच्यानं पोट भरतं का?” मुलीला आपण श्वेता म्हणू, खरं नाव वेगळं आहे.

दगडं म्हणजे पुरातत्त्व. पण श्वेताला नाण्यांत, मूर्तींत रस नव्हता. लिपी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी माणसं नदीकाठी नेमकी कुठे मुक्काम करत, हत्यारांसाठी दगड कुठून आणत, हे तिला शोधायचं होतं. नाशिकच्या मुलीला हे सुचावं यात नवल नाही. गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या गोट्यांच्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली होती. १९५०-५१ मध्ये त्यांनी आणि शां. भा. देवांनी जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर उत्खननही केलं.

तिने बुटांचा खोका उघडला. बहुतेक साधे गोटे होते. एक पातळ, धारदार कपची तेवढी वेगळी वाटली. मी विचारलं, “हे कुठून उचललंस?” दोन-तीन दगडांपलीकडे तिला सांगता येईना. दगड कुठल्या थरात होता, शेजारी काय होतं याची नोंद न करता उचलला की त्याची साक्ष निम्मी बुडते, असं या क्षेत्रातली माणसं सांगतात. ते मी तिला सांगितलं. ती हिरमुसली नाही. “मग नोंद कशी करायची?” असं उलट विचारलं. आवड खरी की चार दिवसांची, हे मला कुठल्याही कल चाचणीपेक्षा अशा प्रश्नातून लवकर कळतं.

वडिलांना मी गोड बोलून फसवलं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय इथल्या जागा थोड्या, जाहिराती अनियमित. प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा आणि बहुधा पीएचडी, म्हणजे हातात पगार उशिरा. म्हणून मी आग्रह धरला तो आधीच्या पदवीचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. पुरातत्त्वाला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. मग बीएस्सी भूगर्भशास्त्रात का करू नये? नदीने गाळ कसा टाकला, खडक कुठला, हे कळल्याशिवाय अश्मयुगीन भूप्रदेश वाचताच येत नाही. शिवाय जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं, नीट शिकलं तर त्या कौशल्याला पुरातत्त्वाबाहेरही काम आहे. सायन्स सोडून थेट आर्ट्सला जायचा तिचा बेत मात्र मला घाईचा वाटला.

“आणि तिथं करतात काय दिवसभर?” वडिलांनी विचारलं. मी विहिरीचा विषय काढला. त्यांनी नुकतीच खोल करून घेतली होती. वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग काळा पाषाण, असं ते हाताने हवेत दाखवत धडाधड सांगत गेले. श्वेता मध्येच म्हणाली, “पप्पा, याला सेक्शन म्हणतात. आम्हाला हेच काढायला लावतील.” ते माझ्याकडे बघून हसले, पण लगेच सावध झाले. “विहिरीला पाणी तरी लागतं.” पटल्याचं त्यांनी त्या दिवशी काही कबूल केलं नाही.

खरी अडचण दुसऱ्या भेटीत बाहेर आली. आई आतापर्यंत गप्प होत्या. “उत्खननाला पोरी राहतात कुठं?” तंबूत किंवा गावातल्या एखाद्या इमारतीत, शिक्षकांसोबत, पण आंघोळीपासून आजारपणापर्यंतची सोय विभागाला फोन करून स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको, असं मी सांगितलं. इरावती कर्वे १९४० च्या दशकात गुजरातेत लांघणजच्या उत्खननात होत्या. तमिळनाडूतल्या अत्तिरमपाक्कमची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षं जुनी असल्याचं २०११ मध्ये मांडणाऱ्या शांती पप्पू डेक्कन कॉलेजच्याच. आईंनी दोन्ही नावं श्वेताला वहीत लिहून घ्यायला लावली.

बीएस्सी भूगर्भशास्त्राला प्रवेश झालाय. एम.ए.चं तिसऱ्या वर्षी बघू, असं वडील म्हणतात, आणि तोवर बुटांच्या खोक्यात नवा दगड टाकायचा नाही, ही अट माझी.